पुलाच्या अलीकडे

घर विद्यानगरला आणि दुकान कराडच्या पेठेत. त्यामुळे रोज रात्री कृष्णेचा पूल ओलांडणं आलं. गाडीवर जेमतेम दहा-बारा मिनिटांचा रस्ता. 2022 च्या पावसाळ्यात मला तो कापायला सव्वा तास लागायचा. मी पुलापाशी पोचायचो आणि तिथून गाडी वळवायचो. शटरला कुलूप लागलं ना? परत दुकान, कुलपाला हिसका, परत पूल. फ्रिजचं दार नीट बसलं होतं ना? परत दुकान, आणि आता शटर वर करून आत. शटर वर केलं म्हणजे ते पुन्हा लावणं आलं, म्हणजे सगळा खेळ पहिल्यापासून.

माझं मेडिकल आहे. 21 वर्षं झाली. आमच्या धंद्यात खात्री करणं हा गुण समजतात आणि ते बरोबरच आहे. सारख्या नावांच्या, सारख्या रंगाच्या पाकिटांच्या गोळ्या शेजारी शेजारी असतात. फळीवरून काढताना, बिल करताना आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना असं तीनदा नाव वाचायचं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं. इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही. त्यामुळे माझा आजार बरीच वर्षं कामसूपणाचा शर्ट घालून फिरला. लोक म्हणायचे, दादांच्या दुकानात चूक होत नाही. मी मनात म्हणायचो, तीनदा वाचलं तर चौथ्यांदा वाचायला काय जातंय?

कुलपाचं जरा बारकाईने सांगतो, कारण ज्याला हे झालेलं नाही त्याला वाटतं की हा विसराळूपणा आहे. आधी उजवीकडचं कुलूप, मग डावीकडचं. दाबायचं, किल्ली फिरवायची, काढायची, ओढून बघायचं. एकदा ओढल्यावर ते लागलेलं असतं. डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं. पण ‘झालं, आता चला’ असं आतून जे यायला हवं, ते यायचंच नाही. मग चार हिसके. चाराच्या तीन फेऱ्या. मध्येच पानवाल्याने ‘काय दादा, बंद केलं का?’ असं विचारलं की मोजणी मोडायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात. उजव्या हाताच्या तर्जनीला घट्टा पडला होता. बायकोने विचारलं तर ‘खोकी उचलून’ म्हणून सांगितलं.

नंतर फोटोची युक्ती सुचली. कुलूप लावलं की मोबाईलवर फोटो. घरी शंका आली की फोटो बघायचा. पहिले आठ दिवस मला वाटलं की मी स्वतःला बरं केलं. नवव्या दिवशी फोटो बघताना मनात आलं, हा आजचाच ना? वेळ बघितली, 9:47. बरं. पण फोटो काढल्यावर मी कुलूप पुन्हा उघडून तर बघितलं नाही ना? मग दोन फोटो. मग हिसका देतानाचा व्हिडिओ. वर्षभराने मोजले तेव्हा मोबाईलमध्ये कुलपाचे 1,843 फोटो होते. मुलीच्या दहावीच्या निरोप समारंभाचे 11.

घरी हे किती जणांना माहीत होतं? सगळ्यांना. आणि सगळे माझ्या दिमतीला होते. बायकोला मी रात्रीतून सात-आठदा विचारायचो, ‘अगं, लावलं असेल ना मी?’ ती म्हणायची, ‘अहो, लावलंत तुम्ही. मी सांगते ना.’ ती तिथे नव्हतीच! तरी तिच्या त्या ‘हो’ने मला वीस मिनिटं बरं वाटायचं. आई मात्र स्पष्ट बोलायची, ‘मंत्रचळ लागलाय ह्याला.’ तिची एक मावशी होती. विहिरीवरून आणलेल्या पाण्यात मुंगी दिसली म्हणून अख्खी घागर ओतून पुन्हा जायची, आणि थंडीतही ओल्या लुगड्यात असायची. घरातले तिला फार सोवळ्याची म्हणून मान द्यायचे. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते, असं आई सांगते. त्या काळी त्याला सोवळं म्हणून झाकता आलं. मला दक्षता म्हणून झाकता आलं, एवढाच फरक.

त्यातून लॉकडाऊन. मेडिकलं चालू होती आणि सगळं जग हात धुवा, पुन्हा धुवा, पुसा, पुन्हा पुसा असं ओरडत होतं. ज्याच्या डोक्यात आधीच ही टेप वाजते त्याच्यासाठी तो आहेर होता.

मी डॉक्टरकडे गेलो तो कुलपामुळे नाही. डिसेंबर 2022 मध्ये एका आजींना बीपीच्या गोळ्या दिल्या. रात्री अकराच्या सुमाराला मनाने घेतलं की 5 च्या जागी 10 मिलिग्रॅमचं पाकीट गेलं. बिल बघितलं, बरोबर होतं. स्टॉक मोजला, बरोबर होता. तरी फोन लावला. त्यांच्या मुलाने झोपेतून उठून पाकिटावरचं वाचून दाखवलं. 5 च होतं. सकाळी मी पुन्हा फोन केला आणि बॅच नंबर वाचायला लावला. चार दिवसांनी तो मुलगा दुकानात आला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, ‘दादा, तुम्ही दोनदा फोन केलात, आई घाबरली. गोळीत काहीतरी खोट आहे म्हणून तिने ती घेतलीच नाही. काल डोकं धरून बसली तेव्हा कळलं. बीपी 190 वर गेलेलं.’

माझी खात्री करून घेण्याची हौस त्या बाईंच्या अंगाशी आली होती. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत होतो की त्रास होतो तो मला होतो, लोकांचं भलंच होतं. ते त्या काउंटरवर संपलं.

कराडातले सगळे डॉक्टर ओळखीचे, त्यांच्याकडे येणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तर माझ्याकडे चहाला बसणारे. इथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली असती तर ती घेऊन मी माझ्याच दुकानात उभा राहिलो असतो. म्हणून जानेवारीत कोल्हापूर गाठलं. घरी सांगितलं, स्टॉकिस्टकडे काम आहे.

डॉक्टरांनी तासभर ऐकलं आणि 10 प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. दिवसातला किती वेळ जातो, थांबायचा प्रयत्न करता का, थांबवता येतं का, असे साधेच प्रश्न. 40 पैकी गुण. मला 27 मिळाले आणि परीक्षेत इतके गुण मिळाले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. 24 च्या पुढे म्हणजे तीव्र. नाव त्यांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे नको ती शंका पुन्हा पुन्हा येणं आणि ती शमवायला तेच ते करत राहणं. मला ते माहीत होतंच, आम्ही दिवसभर त्याचीच औषधं विकतो. तरी ते नाव आपल्या केसपेपरवर बघणं वेगळं. (कपाट नीट लावायला आवडतं म्हणून ‘मला पण ना, ओसीडी आहे’ असं हसत सांगणारे भेटतात. त्यांना मी हल्ली फक्त विचारतो, कपाट लावून झाल्यावर तुम्हाला आनंद होतो का? होतो म्हणाले की सोडून देतो.)

फ्लुवॉक्सामिन सुरू झालं, रात्री 50 मिलिग्रॅम, हळूहळू वाढवायचं. ही गोळी मी कितीतरी लोकांना दिली होती. आता कबूल करतो, देताना ती खाकी पिशवीत गुंडाळायचो आणि माणसाच्या डोळ्यांत बघायचो नाही. वाटायचं, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये. अवघडायचो मी. डिप्रेशनपेक्षा या आजारात डोस बरेचदा जास्त लागतो, आणि फरक पडायला 8 ते 12 आठवडे जातात, हे गिऱ्हाइकांना सांगायचं मला पाठ. स्वतः मात्र दहाव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, ‘काहीच होत नाहीये.’

होत होतं ते भलतंच. मळमळ तर होतीच, पण त्याहून जास्त तगमग. पायाला चैन नाही, काउंटरमागे उभं राहवेना, रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडायचं. वाटलं, गोळीने आजार वाढवला. डॉक्टरांनी विचारलं, ‘चहा किती पिता?’ आठ-नऊ कप. दुकानदार माणूस, येईल त्याच्याबरोबर घ्यायचा. फ्लुवॉक्सामिन घेताना कॅफिन अंगातून बाहेर पडायला कितीतरी पट वेळ लागतो. यकृतातलं जे एन्झाइम कॅफिनचा निकाल लावतं, त्यालाच ही गोळी अडवते. हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. 21 वर्षं लोकांना ‘यावर हे खाऊ नका, त्यावर ते पिऊ नका’ सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या कपाकडे बघितलं नव्हतं. सकाळी एक कप, त्यापुढे बंदी. आठवडाभरात तगमग निम्म्यावर आली.

डॉक्टर म्हणाले, गोळी आवाज कमी करेल, पण कुलपापासून दूर जायचं ते तुमच्या पायांनी. त्यासाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा 15 वर्षांनी तरी लहान. मला वाटलं होतं, बालपण विचारतील. त्यांनी विचारलं, ‘सर, हिसका दिल्यावर किती वेळ बरं वाटतं?’ मी म्हटलं, आधी रात्रभर वाटायचं. आता पुलापर्यंतही नाही.

त्यांनी एक प्रयोग सांगितला. 2003 साली हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी तो केलेला. लोकांना कॉम्प्युटरवर गॅसची शेगडी दाखवली आणि तिची बटणं पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटच्या तपासणीत काय झालं ते लोकांना आठवत होतं बरोबर, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. चित्र पुसट झालं होतं. ज्यांनी गॅसऐवजी दुसरंच काही तपासलं, त्यांचं तसं झालं नाही. आणि हे सगळे धडधाकट लोक होते. मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या हिशोब केला. 1,843 फोटो, रात्रीला 12 हिसके. माझी स्मरणशक्ती कमी आहे म्हणून मी तपासत होतो असं मला वाटत होतं. मीच तिला घासून घासून पुसून टाकलं होतं.

उपचाराची पद्धत ऐकून मला राग आला. जे टोचतं त्याच्यासमोर जायचं आणि नेहमीचं जे करतो ते करायचं नाही. बस. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये या प्रकारे बरे केलेले पहिले दोन रुग्ण नोंदवले, तोवर हा आजार हटत नाही असंच धरून चालत, हे नंतर वाचलं. मॅडम म्हणाल्या, कुलूप एकदा लावा, एकदा ओढा, निघा. शंका आली की तिला उत्तर देऊ नका. ‘लागलंय’ असंही म्हणू नका. ‘नसेलही लागलं’ म्हणा. मी म्हटलं, हे ऐकायला मी कोल्हापूरपर्यंत आलो?

पायऱ्या ठरवल्या. प्रत्येक गोष्टीला 100 पैकी किती जीव घाबरतो ते लिहायचं. घरातला दिवा 30. गॅस 45. गिऱ्हाइकाला दिलेलं पाकीट तीनदा वाचायचं, पण चौथ्यांदा नाही, 60. एक हिसका आणि घर, 75. फ्रिज 85. सगळ्यात वर, शटर दुकानातल्या पोराने लावायचं आणि मी त्याच्याआधी घरी जायचं, 95. ते मी हसण्यावारी नेलं.

फोटो काढून टाकायचे होते. मी घरूनच ते काम करून गेलो आणि जरा ऐटीत सांगितलं. मॅडमनी विचारलं, ‘ट्रॅशमधूनही?’ डिलीट केलेले फोटो तिथे 30 दिवस राहतात. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. त्यांच्यासमोर ट्रॅश रिकामा केला तेव्हा बोटाला घाम आलेला.

बायकोला एक दिवस सोबत बोलावलं. तेव्हा घरी खरं सांगावंच लागलं. तिला वाटलं होतं स्टॉकिस्टकडे माझं काहीतरी देणं थकलंय. मॅडमनी तिला सांगितलं की तुमचा ‘हो’ हासुद्धा एक हिसकाच आहे. आता विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. पहिल्या रात्री मी विचारलं आणि ती म्हणाली, ‘माहीत नाही मला.’ एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि रडली. नंतर सांगितलं तिने, ‘दोन शब्दांत तुम्हाला बरं वाटत असताना ते न बोलणं म्हणजे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणण्यासारखं होतं.’ आपल्याकडे रुग्णाची सेवा कशी करावी हे शिकवतात. कधी करू नये हे तिला 40 मिनिटांत शिकावं लागलं.

आणि मग पूल. मार्च 2023. नियम असा की एक हिसका दिल्यावर वळावंसं वाटलं तर पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायची, वळायचं नाही, दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा. कारखाने चालू होते, उसाच्या ट्रॅक्टरचे दोन-दोन डबे धडधडत जायचे आणि कठडा हलल्यासारखा वाटायचा. ती वही अजून आहे. 9:52 ला 85. 9:57 ला 90. 10:02 ला 90, अक्षर वाकडं. छातीत घण आणि डोक्यात एकच चित्र, अर्धवट वर गेलेलं शटर.

तेवढ्यात इंजिनिअरिंग कॉलेजची असावीत अशी दोन मुलं बाईक थांबवून जवळ आली. एक जण हळूच म्हणाला, ‘काका, काय झालं? घरी चला ना.’ मला कळेना. मग लक्षात आलं, रात्री दहा वाजता एकटा माणूस पुलाच्या तोंडाशी घामाघूम उभा आहे, हातात वही, नजर नदीकडे. पोरांना वाटलं मी चिठ्ठी लिहितोय. मी घाईघाईने म्हटलं, ‘नाही नाही, तसलं काही नाही, दुकानाला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाहीये.’ दुसऱ्याचा चेहरा एकदम उजळला. ‘मग आम्ही बघून येतो की! फोटो पाठवतो, नंबर द्या.’

वर्षभरात मला कुणी इतकी गोड गोष्ट बोललं नसेल. मी अक्षरशः ओरडलो, ‘नको! बघू नका!’

ती दोघं माझ्याकडे बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं, कठड्याला टेकून, दोन अनोळखी पोरांना, जे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. मी घरी जाईपर्यंत ती मागून बाईकवर सोबत आली. वहीत पुढची नोंद आहे 10:31 ला, 50. मधल्या अर्ध्या तासात आकडा लिहायचाच राहिला.

सगळं असं नाट्यमय नव्हतं. बहुतेक दिवस नुसते कंटाळवाणे. रोज तेच, एक हिसका, निघणं, पोटात गोळा, घर, जेवण. एप्रिलच्या शेवटाला पूल कधी ओलांडला ते कळलं नाही, असं एकदा झालं. ऑगस्टमध्ये ती प्रश्नावली पुन्हा भरली, 27 चे 12 झाले. गोळी अजून चालू आहे. ताणाचे दिवस असले, मार्चअखेर असली की हात गॅसच्या बटणाकडे जातो, कधी जाऊ देतो, कधी धरतो. आणि खाकी पिशवी बंद केली. मानसिक आजाराची गोळी आता मी सर्दीच्या गोळीसारखी, नाव घेऊन, कशी घ्यायची ते सांगून देतो. काउंटरच्या काचेवर आतल्या बाजूने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिकटवलाय. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. लोक तो बघत नाहीत असं दाखवतात आणि मोबाईलमध्ये टिपून घेतात.

एक गोष्ट राहिली. 2023 च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात सकाळी दुकानातला पोरगा माझ्याआधी पोचला होता. म्हणाला, ‘दादा, डावीकडचं उघडंच आहे.’ कुलूप कडीत अडकवलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. अख्खी रात्र. मी एक हिसका दिला तो उजवीकडच्याला, आणि डावीकडे हात नुसता लावून निघालो असणार. ज्या गोष्टीला इतकी वर्षं घाबरलो ती होऊन गेली होती आणि मी त्या वेळी झोपलो होतो. आत काही हललं नव्हतं. गल्ला, फ्रिज, काउंटरवरचा पेनसुद्धा जागेवर.

त्या रात्री मी 12 हिसके दिले. दुसऱ्या रात्री 16. तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला, जवळजवळ आरोप करत, की बघा, म्हणजे मी बरोबर होतो. त्या म्हणाल्या, ‘हो सर, राहू शकतं उघडं. माझंही राहू शकतं.’ मला धीराचे दोन शब्द हवे होते. ते मिळाले नाहीत. म्हणाल्या, ‘वरची एक पायरी शिल्लक आहे ना आपली?’

शुक्रवारी नऊ वाजता किल्ल्यांचा जुडगा पोराच्या हातात दिला. तो माझ्याकडे, मग किल्ल्यांकडे बघत राहिला. पाच वर्षं कामाला आहे, एकदाही त्याने कुलूप लावलेलं नव्हतं. ‘लावून झालं की फोन करू का, दादा?’ नको म्हटलं. ‘उद्या सकाळी लवकर येऊन बघू का?’ नको. मी गाडीवर बसलो. मागे शटर खडखडत खाली आल्याचा आवाज आला. कुलपाचा यायच्या आत मी किक मारली.